केरबानं परसाला आडोसा केला

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा हा त्याच्या बायकोचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता आणि गाव तो त्याच्या तोंडावर वापरायचं. केरबाला राग यायचा नाही. तो शब्द आपल्या मागं उभ्या असलेल्या कुणाला तरी म्हणताहेत, असं समजून तो मागं वळून बघायचा.

केरबाची बायको हौसा. एकुलती एक लेक शालन, दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात दिलेली. घर लहान, पण मागचं परस चांगलं ऐसपैस. शेवगा, वांगी, घेवड्याचा मांडव, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू. न्हाणी म्हणजे एक सपाट दगड, पाणी तापवायची चूल आणि वर आभाळ. परसाला लागून ओढ्याकडं जाणारी वाट होती आणि वाटेच्या पलीकडं बायजाक्काचा कट्टा. बायजाक्का सकाळपासून त्या कट्ट्यावर बसायची. सूप मांडीवर, तांदूळ सुपात आणि डोळे केरबाच्या परसात. हौसानं काय धुतलं, काय वाळत घातलं, शेवग्याच्या शेंगा कुणाला दिल्या आणि कुणाला नाही म्हटलं, सगळं तिला पाठ. हौसाला स्वतःच्या परसात केस मोकळे सोडून बसायची चोरी झाली होती.

अशात शालनला दिवस गेले. सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शालनची सासू करारी बाई होती. तिनं निरोप धाडला की तुमची न्हाणी उघड्यावर, माझ्या सुनेला काय वाटेवर बसवून न्हाऊ घालणार? परसाला आडोसा करा. पौर्णिमेला मी सुनेला घेऊन येते. बघीन. पटलं तर ठेवून जाईन, नाही तर तशीच परत नेईन.

निरोप ऐकल्यापासून हौसाला घास गेला नाही. लेकीच्या अंगाला तेल लावायचं, तिला शेक द्यायचा, नातवंडाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, हे सगळं तिनं मनातल्या मनात कितीदा तरी करून झालं होतं. ते आता एका कुंपणावर अडलं होतं आणि कुंपण केरबावर अडलं होतं. हौसाला रडू आलं ते यातल्या दुसऱ्या गोष्टीचं.

तरी तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं. "आवं, ह्या बायजाक्काची नजर सारखी आपल्या परसात असती. पौर्णिमेच्या आत नजरंचा बंदोबस्त करा."

केरबानं मान डोलावली. त्याला लगेच कळलं. केरबाला सगळं लगेच कळायचं, हीच मोठी अडचण होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं परसाभोवती सुंभ बांधलं. सुंभाला हात-हात अंतरावर लिंबं आणि मिरच्या ओवल्या. मधे मधे बिबे लावले. चार कोपऱ्यांत चार फाटक्या वहाणा टांगल्या आणि शेवग्याला एक काळी बाहुली बांधली. मग बायजाक्काच्या कट्ट्यावर जाऊन त्यानं मूठभर मीठ-मोहऱ्या तिच्यावरून तीनदा ओवाळल्या आणि तिच्याच चुलीत टाकल्या. बायजाक्काला फार बरं वाटलं. तिची नजर आजवर कुणी काढली नव्हती.

आता ओढ्याकडं जाणारी माणसं खाली मान घालून जायची, ती थांबायला लागली. एवढी लिंबं बांधलीत म्हणजे आत काहीतरी असणार, म्हणून माना लांब करून बघायला लागली. ज्या माणसांनी बारा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं, त्यांनी सुद्धा केरबाचं परस बघून घेतलं.

हौसा ओढ्यावरून आली आणि वाटेवरच बसली. मग उठून तिनं लिंबं सोडली, वाया जायला नकोत म्हणून लोणच्याला चिरली आणि चिरता चिरता नवऱ्याला सांगितलं की नजर म्हणजे ती नजर नव्हे. डोळ्यांनी बघतात ती नजर. बायजाक्काच्या डोळ्यांपुढं काहीतरी आडवं आलं पाहिजे.

"मग आधी तसं सांगायचं की," केरबा म्हणाला.

तो एक काठी घेऊन बायजाक्काकडं गेला. तिला कट्ट्यावर नेहमीसारखं बसायला सांगितलं आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत काठीवर खूण केली. मग परसाच्या दोन टोकांना दोन मेढी रोवल्या आणि खुणेच्या उंचीवर एक बांबू बांधला. आडवा. अगदी आडवा. तो आडवा आहे की नाही हे त्यानं बांबूवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून बघितलं.

बायजाक्कानं मान दोन बोटं वर केली आणि तांदूळ निवडत राहिली. थकली की मान खाली घालायची आणि बांबूच्या खालून बघायची. शिवाय तांब्या कुणाचा, कधी घेतला, याची चौकशी झाली ती वेगळीच.

हौसानं कपाळावर हात मारला. तिनं सांगितलं की आडवं म्हणजे असं आडवं नव्हे. दाट पाहिजे, उभं पाहिजे, माणसाच्या डोक्याच्या वर जाईल असं पाहिजे. बाजारात जा आणि असं कुंपण बघून आणा.

"मग आधी तसं सांगायचं की," केरबा म्हणाला आणि बाजारात गेला.

बाजारात त्यानं रोपं विकणारा गाठला. त्याच्याकडं मेंदीची रोपं होती. रोपवाला म्हणाला, मेंदीसारखं कुंपण नाही. दाट होते, उभी वाढते आणि तीन वर्षांत माणसाच्या डोक्याच्या वर जाईल. केरबानं बोटांवर मोजलं. दाट. उभं. डोक्याच्या वर जाईल. हौसाचा एकेक शब्द रोपवाल्याच्या तोंडून येत होता. ह्याला आपल्या घरचं बोलणं कसं कळलं, याचं त्याला नवल वाटलं. साठ रोपं घेऊन तो घरी आला. प्रत्येक रोप वीतभर.

हौसा रोपांकडं बघत राहिली. पौर्णिमेला नऊ दिवस होते. मग तिचा आवाज चढला. तीन वर्षांनी नातवंड कुंपण ओलांडून पळत असेल, मला कुंपण आत्ता पाहिजे, आत्ता डोक्याच्या वर पाहिजे, असं ती म्हणाली आणि रागानं धुणं घेऊन ओढ्यावर गेली. तिनं एवढं बोलून जायला नको होतं. केरबापुढं शब्द मोकळे सोडून जाणं हे चुलीजवळ कापूस ठेवून जाण्यासारखं होतं.

हौसा दिवस कलताना परत आली तेव्हा परसाभोवती डोक्यापेक्षा उंच अशा साठ काठ्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक काठीच्या टोकाला एक मडकं, मडक्यात माती, मातीत वीतभर मेंदी. घरातली सगळी मडकी कामी आली होती. जिथं मडकं कमी पडलं तिथं दुधाचं गाडगं होतं. काठ्यांच्या मधून परस, न्हाणी, चूल आणि हौसा, सगळं जसंच्या तसं दिसत होतं. फक्त आभाळाच्या बाजूला जरा आडोसा झाला होता.

"आत्ता डोक्याच्या वर हाय," केरबा म्हणाला. त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की दुसऱ्या कुणी ते बघून त्याला मारलं असतं. हौसानं मारलं नाही. तिनं मडकी उतरवली.

या वेळी तिनं प्रत्येक शब्द तोलून घेतला. खालपासून वरपर्यंत झाकलं पाहिजे. आजच्या आज झाकलं पाहिजे. आणि विकत घेण्याआधी त्याला डोळा लावून बघायचं. पलीकडचं दिसलं तर घ्यायचं नाही, दिसलं नाही तर घ्यायचं. यात चुकायला काही जागा उरली नाही, असं तिला वाटलं. तिच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तरी तिला असं वाटलं.

बाजारात तिघांकडं कुंपणाचं सामान होतं. पहिल्याकडं तुराट्यांच्या ताट्या होत्या, चांगल्या दाट बांधलेल्या. केरबानं ताटीला डोळा लावला. डोळ्यात कुसळ गेलं. कुसळ काढायला त्यानं तोंड फिरवलं, तेव्हा त्याला पलीकडचा गुळवाला दिसला. दिसलं, म्हणजे ताटी बाद.

दुसऱ्याकडं पत्रे होते. पत्रा उन्हानं तापलेला. केरबानं डोळा लावला आणि भुवई भाजली. तो उडी मारून मागं सरला, तेव्हा पत्र्याच्या कडेवरून त्याला एक बैल दिसला. पत्राही बाद. पत्रेवाला त्याला समजावायला लागला की बाबा, कडेवरून तर भिंतीच्या पलीकडचंही दिसतं. केरबानं त्याला सांगितलं, मग भिंत पण घेणार नाही.

तिसऱ्याकडं तारेची जाळी होती. लिंबाच्या सावलीत तिचं भेंडोळं उभं करून ठेवलं होतं. जाळीवाला भाकरी खायला बसला होता. तोवर केरबा जाळीला डोळा लावून टेकला. सावली गार होती. जाळीतून वारा येत होता. भुवईची आग थांबली आणि केरबाचा डोळा लागला.

जाळीवाल्यानं हलवून उठवलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. केरबानं डोळे चोळले आणि विचार केला. डोळा लावला होता. तो लागला होता. आणि लागलेला होता तेवढा सगळा वेळ पलीकडचं तिळभर काही दिसलं नव्हतं. अशी खात्री ना ताटीची पटली, ना पत्र्याची. तो जाळीचं भेंडोळं डोक्यावर घेऊन घरी आला आणि हौसा कांडपाला गेली होती तेवढ्यात त्यानं ती जाळी परसाभोवती खालपासून वरपर्यंत ठोकली.

बायजाक्का बारा वर्षं लांबून बघत होती. आता ती कट्ट्यावरून उतरली, वाट ओलांडून आली, जाळीत दहा बोटं अडकवली आणि तिला टेकून उभी राहिली. तिला इतकी चांगली सोय कुणी करून दिली नव्हती. जाता जाता ती म्हणाली की केरबा, वांग्याला कीड लागलीय, इथनं चांगली दिसती.

हौसा आली. तिनं जाळी बघितली, जाळीच्या पलीकडची बायजाक्का बघितली आणि या वेळी ती रडली. पौर्णिमेला सहा दिवस राहिले होते. रडून झाल्यावर ती नवऱ्याला जे बोलली ते तिला पुढं जन्मभर आठवणार होतं.

"तुमच्या डोळ्यावर आता माझा इस्वास न्हाई. दिसतंय का न्हाई ते तुम्ही ठरवायचंच न्हाई. भाईरच्या माणसास्नी इचारायचं. ते न्हाई म्हणाले म्हंजे न्हाई."

"मग आधी तसं सांगायचं की," केरबा म्हणाला.

त्यानंतर हौसानं पदर खोचला आणि सगळं स्वतःच्या हातात घेतलं. ती दामाजी बुरुडाकडं गेली. दामाजीनं बांबूच्या कामट्यांच्या ताट्या विणल्या, अशा घट्ट की मुंगीला सुद्धा बाजूनं जावं लागेल. दोघांनी मिळून त्या रोवल्या, सुंभानं आवळल्या, वाटेच्या बाजूला ताटीचंच एक दार केलं. केरबाला एवढंच काम दिलं होतं की एक मेढ धरून उभं राहायचं. ती मेढ पुरून, माती ठोकून, दामाजी घरी गेला तरी केरबा धरून उभा होता. सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

आडोसा मात्र खरोखर झाला. हौसानं दार लावून घेतलं, न्हाणीच्या दगडावर बसून केस सोडले आणि फणी फिरवली. कुणी बघितलं नाही. अळवाच्या पानांत वारा हलत होता. ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे परस तिचं झालं होतं आणि चार दिवसांनी इथं लेक असणार होती. तिला इतका आनंद झाला की तिनं केरबालाही मनातून माफ करून टाकलं. पलीकडं बायजाक्का सूप घेऊन बसली होती आणि बिचारीला कधी नव्हे ते तांदळाकडं बघावं लागत होतं.

पौर्णिमेला विहीणबाई आल्या. बैलगाडीतून शालनला हात धरून उतरवलं, सावलीत बसवलं आणि पाणीसुद्धा न घेता परसाकडं वळल्या. ताट्यांना त्यांनी हात लावला, ढकलून बघितलं, वाकून बघितलं. बाहेर जाऊन बघितलं, आत येऊन बघितलं. हौसाचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "बघून काय कळतंय? मी सोता न्हाऊन बघती. वाटंवरच्या कुणाची चाहूल न लागता डोस्क्यावरनं पाणी घेऊन झालं, तर सून हितं ठेवली म्हणून समजा."

हौसानं चूल पेटवली. हंडा तापला. विहीणबाई जुनेर नेसून दगडावर बसल्या, हौसानं त्यांचे केस सोडले आणि शिकेकाई चोळायला घेतली. शालन पाय पसरून शेजारी बसली होती आणि हसत होती. केरबाला हौसानं आधीच वाटेवर काढलं होतं. दाराबाहेर उभं राहा, एवढंच तिनं सांगितलं होतं. या वेळी तिनं दुसरा एकही शब्द सांगितला नव्हता.

पण मागचे शब्द होतेच की. केरबा दाराबाहेर उभा राहिला आणि त्याला काळजी वाटायला लागली. आत विहीणबाई. लेकीचं सगळं याच्यावर ठरणार. खरंच दिसत नसेल ना? ते त्यानं ठरवायचं नव्हतं. ते बाहेरच्या माणसांना विचारायचं होतं.

ओढ्याकडून ज्ञानूआबा येत होते. केरबानं त्यांना थांबवलं आणि विचारलं, दिसतंय का. आबा म्हणाले, काय दिसतंय का? केरबा म्हणाला, आमच्या विहीणबाई. आत न्हातायत. आबांनी ताटीकडं बघितलं आणि नाही म्हणून सांगितलं. पण आबांना हल्ली जवळचंही दिसत नव्हतं, म्हणून केरबानं धुणं घेऊन चाललेल्या चार बायकांना विचारलं. त्याही थांबल्या. मग देवळापुढं बसलेल्या पुरुषांना हाक मारून बोलावलं, सगळ्यांना तेच सांगितलं आणि तेच विचारलं. दामाजी बुरूड आपल्या कामाची तारीफ ऐकायला आला. जरा वेळात वाटेवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. सगळे एका ओळीत ताटीकडं तोंड करून उभे होते आणि दिसत नाही म्हणून सांगत होते.

बायजाक्का तेवढी गप्प होती. केरबानं तिला खास विचारलं, कारण बघण्यात तिच्याइतका अनुभव गावात कुणाला नव्हता. बायजाक्कानं सूप खाली ठेवलं.

"केरबा, काय दिसत न्हाई ते ठावं असल्याबिगर दिसत न्हाई म्हणून कसं सांगू? आधी दाखव. मग सांगती."

केरबा विचारात पडला. बोलणं खरं होतं. एवढी माणसं नाही म्हणाली, पण नाही म्हणजे काय नाही हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. असल्या साक्षीवर लेकीचं बाळंतपण कसं ठरवायचं? त्यानं पुढं होऊन ताटीचं दार धरलं आणि सताड उघडलं.

दगडावर विहीणबाई बसल्या होत्या. डोक्यावर शिकेकाईचा फेस, फेस कपाळावरून डोळ्यांत, डोळे गच्च मिटलेले, एका हातात तांब्या. हौसाचे दोन्ही हात त्यांच्या केसांत होते. ते तिथंच थांबले.

"हौसाबाई, हा गार वारा कुठनं आला वं?" विहीणबाईंनी विचारलं.

केरबानं विहीणबाईंकडं बोट केलं आणि मागं वळून गावाला म्हणाला, "हे. हे तुमास्नी दिसत नव्हतं न्हवं?"

"नव्हतं," सगळं गाव एका आवाजात म्हणालं.

विहीणबाईंनी एक डोळा उघडला.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. पदर आवळून घेतला, तांब्या खाली ठेवला आणि शालनला हात देऊन उठवलं. फेस तसाच होता. केरबा त्यांच्या मागं मागं जाऊन सांगत होता की विहीणबाई, आता काळजी नको, सगळ्या गावानं नाही म्हणून सांगितलं, बायजाक्कानं सुद्धा. विहीणबाई गाडीत चढल्या. शालन मागं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाडी वळणाच्या पलीकडं गेली.

हौसा न्हाणीच्या दगडावर बसली. हाताला शिकेकाई तशीच लागलेली. लेक दारापर्यंत येऊन परत गेली होती आणि आता नातवंडाला पहिलं पाणी दुसऱ्याच कुणाच्या हातानं पडणार होतं. तिनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

केरबाला ते बघवेना. बायको अशी उघड्यावर रडतेय, लोक काय म्हणतील? तो हळूच बाहेर आला, ताटीचं दार नीट लावलं, कडी घातली, आणि अजून वाटेवर उभ्या असलेल्या गावाकडं वळला.

"हौसा आत बसून रडतीया," तो म्हणाला. "दिसतंय का?"